वेगळं करण्याचा दिवस

दवाखान्याबाहेरच्या बाकांवर आम्ही आपापल्या नंबराची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक आजी, त्यांच्या मांडीवर तापाने मलूल झालेली नात आणि पायाशी घुटमळणारा तीन-साडेतीन वर्षांचा नातू. नातीचं नाव पुकारलं गेलं. आजी उठल्या तसा तो त्यांचा पदर धरून म्हणाला, "मी पण येते, आजी." बाकावरचे दोघंतिघं हसले. "येते नाही रे राजा, येतो," आजी म्हणाल्या, आणि आम्हाला सांगितल्यासारखं पुढे जोडलं, "दिवसभर आई नि ताईच्या मागे असतो, त्यांच्यासारखंच बोलतो." तिघंही आत गेले. मी मात्र तिथेच अडकले. असंच बोलणाऱ्या मुलांविषयी मी त्याच सुमारास वाचलं होतं, आणि ते वाचताना हसू आलं नव्हतं.

ते होतं सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात. १३ एप्रिल २००६, आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य. आईसोबत तुरुंगात राहणाऱ्या मुलांबद्दलचा निकाल. त्यात एका अभ्यासाचा आधार घेऊन लिहिलंय की तुरुंगातच जन्मलेल्या कित्येक मुलांना घर म्हणजे काय हेच माहीत नसतं. अधिकार गाजवणारा पुरुष म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे पोलीस आणि तुरुंगातले अधिकारी येतात. रस्त्यावरची जनावरं बघून ती भेदरतात. आणि बायकांच्याच बराकीत वाढल्यामुळे काही मुलगे स्वतःबद्दल मुलींसारखं बोलतात. येते, जाते, खाते. कायद्याच्या कोरड्या भाषेत हे एवढंच एक वाक्य, आणि लगेच पुढचा मुद्दा सुरू.

दवाखान्यातल्या मुलाची चूक दुरुस्त करायला आजी होती. संध्याकाळी घरी बाबाही येणार असेल.

माझी मुलगी तान्ही होती तेव्हाचे दिवस मला सलग आठवत नाहीत. तुकड्यातुकड्यांनी आठवतात. टाळूवरचा तो कोमट वास. शेजारच्या घरात दुसरंच बाळ रडलं तरी माझी छाती भरून यायची आणि झग्यावर ओले डाग पडायचे. एका रात्री तिला सणकून ताप भरला. मी दिवे लावले, खिडक्या उघडल्या, तिला खांद्यावर घेऊन या खोलीतून त्या खोलीत येरझारा घातल्या, आईला फोन लावला, शेवटी पहाटे दार उघडून तशीच डॉक्टरांकडे निघाले. तुरुंगातल्या मुलांबद्दल वाचायला लागल्यापासून त्या रात्रीतल्या उघडण्याच्या क्रियाच माझ्या डोळ्यांपुढे येतात. खिडकी, दार, रस्ता. संध्याकाळची गिनती झाली की बराक बंद होते, ती सकाळी उघडते. मधल्या वेळात बाळ तापलं तर आईने हाक मारायची, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने ती ऐकायची. या विषयावर पुढे मी जे जे वाचलं ते बहुतेक याच भोवती फिरत राहिलं. बाळ आणि आई यांच्यामध्ये किल्ली कुणाच्या हातात असते?

सुरुवात लंडनच्या न्यूगेट तुरुंगापासून करावी लागते, कारण तिथल्या बाळांची दखल कुणीतरी घेतली आणि लिहून ठेवली. १८१३ मध्ये स्टीफन ग्रेलेट या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या धर्मोपदेशकाने तिथला बायकांचा विभाग पाहिला. दाटीवाटीने कोंबलेल्या बायका आणि त्यांच्यात जवळजवळ उघडी बाळं. तो थेट एलिझाबेथ फ्राय यांच्याकडे गेला. फ्राय यांनी ओळखीच्या बायकांना जमवलं आणि सगळ्याजणी फ्लॅनेलची झबली शिवायला बसल्या. तुरुंगसुधारणेच्या इतिहासात एवढं गाजलेलं हे नाव, पण त्यांनी तिथे पहिल्यांदा जे नेलं ते बाळांचे कपडे होते. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो: मेलेल्या बाळाच्या अंगावरचे कपडे काढून दोन बायका ते जिवंत बाळाला घालत होत्या. हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं होतं. नंतर मात्र त्या दोघींचा विचार करताना वाटलं, सगळीकडून तुटलेल्या त्या जागेतही कुणीतरी पोराला ऊब मिळावी म्हणून धडपडत होतं. ज्यांना लोक जनावरं म्हणत होते त्या त्याच बायका.

फ्राय पुन्हा नेमाने जाऊ लागल्या त्या १८१६च्या अखेरीस. मधल्या काळात त्यांची स्वतःची चिमुकली मुलगी वारली होती. या खेपेला त्यांनी त्या बायकांना उपदेश केला नाही, मुलांसाठी काय करता येईल ते विचारलं. त्यातून एका रिकाम्या कोठडीत शाळा सुरू झाली. शिकवायला त्याच बायकांमधली एक, मेरी कॉनर. मुलं आत बसायची आणि त्यांच्या आया दाराशी गर्दी करून, आम्हालाही शिकवा, म्हणायच्या. मला या गोष्टीतला क्रम फार मोलाचा वाटतो. आधी मूल, मग त्याच्या वाटेने आईपर्यंत पोहोचणं. पुढे दोनशे वर्षांत जिथे जिथे काही बरं घडलं तिथे बहुधा हाच क्रम दिसतो.

त्याच्याही तीस वर्षं आधीची एक गोष्ट आहे, आणि ती मला कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. नॉर्विचच्या तुरुंगात सुझॅना होम्स नावाची तरुणी होती. चोरीबद्दल आधी फाशी, मग ती बदलून चौदा वर्षं हद्दपारी. तिथेच हेन्री केबल नावाचा कैदी होता. दोघांना १७८६ मध्ये मुलगा झाला. लग्नाची परवानगी मागितली, मिळाली नाही. त्याच वर्षाच्या शेवटी सुझॅनाला ऑस्ट्रेलियाच्या जहाजासाठी प्लिमथला पाठवायचा हुकूम आला. जॉन सिम्पसन नावाचा तुरुंगरक्षक तिला घेऊन गेला. तिथे किनाऱ्याशी नांगरलेल्या कैद्यांच्या गलबतावरचा कप्तान म्हणाला, बाईला घेतो, मुलाबद्दल माझ्याकडे हुकूम नाही. बाळ तिच्या हातून काढून घेतलं गेलं. ती आकांत करत होती, जीव देईन म्हणत होती.

आता सिम्पसनचं काम खरं तर संपलं होतं. कैदी पोहोचवला, पावती घेतली, परत निघायचं. तो निघालाही, पण नॉर्विचकडे नाही. पाच-एक महिन्यांचं ते बाळ मांडीवर घेऊन तो लंडनच्या घोडागाडीत बसला. वाटेत गाडी थांबेल तिथे त्याला काही ना काही भरवत राहिला. लंडनला पोहोचल्यावर बाळ एका भल्या बाईकडे सोपवून तो गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांच्या घरी गेला. आत सोडेनात. तो हटला नाही, आणि मंत्री जिन्यावरून उतरताना दिसले तसा पुढे होऊन त्यांना गाठलं, सगळं सांगितलं. सिडनींनी तिथल्या तिथे हुकूम काढला की बाळ आईला द्यावं, आणि बापालाही त्याच जहाजावर घ्यावं. सिम्पसन नॉर्विचला जाऊन हेन्रीला घेऊन आला आणि बापलेकांना प्लिमथला पोहोचवलं. १७८८च्या फेब्रुवारीत सिडनी कोव्हच्या किनाऱ्यावर हेन्री आणि सुझॅनाचं लग्न लागलं. त्यांच्यासाठी इंग्लंडमधल्या लोकांनी वर्गणी काढून सामान पाठवलं होतं. ते जहाजावर गहाळ झालं, तेव्हा त्यांनी कप्तानावर दावा लावला आणि जिंकला. त्या वसाहतीतला हा पहिला दिवाणी खटला.

मला सिम्पसनच्या मांडीवर झोपलेलं ते बाळ दिसत राहतं. गाडीचे हादरे, ओली दुपटी, दूध मिळेल का म्हणून खाणावळीच्या दारात उभा असलेला एक तुरुंगरक्षक. कुठल्याही नियमात हे बसत नव्हतं. सगळा प्रवास 'हुकूम नाही' या दोन शब्दांच्या विरुद्ध चाललेला.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण त्याच ऑस्ट्रेलियात, होबार्ट शहरात, १८२८ मध्ये कॅस्केड्स हा बायकांचा तुरुंग सुरू झाला. हद्दपार केलेल्या बायका तिथून घरोघर नोकरीला पाठवल्या जायच्या. तिथे दिवस गेले की गुन्हा बाईचा, आणि परत तुरुंगात यायचं. डोंगराच्या सावलीतली ती ओल्या दरीतली जागा, ऊन कमी, भिंती गार. बाळंतपण झालं की आईला पाळणाघरात बाळाजवळ राहू द्यायचे, पण अंगावरचं दूध तुटेपर्यंतच. ते तोडायची वेळ आईने किंवा बाळाने ठरवायची नव्हती. काही महिन्यांतच दूध तोडलं जायचं आणि मग आईची खरी शिक्षा सुरू व्हायची: तुरुंगाच्या शिक्षेच्या विभागात सक्तमजुरी. म्हणजे बाळ जितके दिवस पीत राहील तितके दिवस शिक्षा थांबलेली, आणि आई गेली की बाळ त्या कोंदट खोलीत इतरांच्या भरवशावर. तिथे बाळं मरत राहिली. १८३८ मध्ये मृत्यूंची चौकशी झाली, वर्तमानपत्रांत ओरड झाली, पाळणाघर दुसऱ्या घरात हलवलं. जी वाचायची ती दोन-तीन वर्षांची झाली की सरकारी अनाथालयात जायची. आई जिवंत असताना.

इंग्लंडमध्ये तोवर तुरुंगातल्या बाळांची सवय होऊन गेली होती. १८६२ मध्ये छापलेलं एक चित्र आहे, लंडनच्या टॉटहिल फील्ड्स तुरुंगाच्या आवारात मुलांना घेऊन फेऱ्या मारणाऱ्या आयांचं. व्यायामाची वेळ. एकसारख्या टोप्या, एकसारखे झगे. चित्रकाराने ते अगदी शांतपणे काढलंय, आणि त्याच शांतपणाचा मला त्रास होतो.

मग येतो न्यूयॉर्क राज्यातला बेडफर्ड हिल्स हा बायकांचा तुरुंग. १९०१ मध्ये तिथे कैदी आयांसाठी बाळघर सुरू झालं, आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी आपली अशी घरं पुढे बंद केली तरी हे चालूच राहिलं. पण या सगळ्या इतिहासात ज्या अभ्यासाने माझी समजूत मुळापासून हलवली तो रेने स्पिट्झ यांचा. हे व्हिएन्नाचे डॉक्टर, १९४०च्या दशकात अमेरिकेत काम करत होते. त्यांनी दोन संस्थांमधल्या बाळांकडे वर्षभर आणि पुढेही लक्ष ठेवलं. एक होतं टाकलेल्या आणि पोसता न येणाऱ्या मुलांचं बालकगृह. तिथे कमालीची स्वच्छता, चांगलं अन्न, नियमित तपासणी. पण एका दाईच्या वाट्याला आठ किंवा जास्तच बाळं. पाळण्यांच्या कठड्यांवर चादरी टांगलेल्या, त्यामुळे बाळाला फक्त छत दिसायचं. महिनोन्महिने उताणं पडून राहिल्याने गादीला त्याच्या अंगाचा खळगा पडायचा आणि मग त्या खळग्यातून त्याला कुशीवरही वळता यायचं नाही.

दुसरी संस्था होती बायकांच्या तुरुंगातलं बाळघर. तिथे शिक्षा भोगणाऱ्या, बहुतेक अगदी तरुण मुली, आपल्या बाळांना स्वतः भरवत, न्हाऊ घालत, कौतुकाने एकमेकींना दाखवत.

बालकगृहातल्या ९१ मुलांपैकी ३४ दोन वर्षांच्या आत दगावली. जी राहिली ती चालायला, बोलायला, स्वतःच्या हाताने खायला विलक्षण उशिरा शिकली, काही शिकलीच नाहीत. तुरुंगातली बाळं रांगत होती, कठडे धरून उभी राहत होती, बडबडत होती, आणि स्पिट्झ पाहत होते त्या काळात त्यांच्यातलं एकही बाळ गेलं नाही. पुढे स्पिट्झ यांच्या पद्धतीवर बऱ्याच टीका झाल्या, आकडे पुरेसे काटेकोर नाहीत असं म्हटलं गेलं, आणि ते खरंही असेल. पण त्यांनी केलेलं चित्रीकरण आजही बघायला मिळतं. त्यातली बालकगृहातली बाळं रडत नाहीत, नुसती बघत राहतात. तुरुंगातल्या बाळांना पोषण, हवा, औषधं यांत काही विशेष मिळत नव्हतं. त्यांना आई मिळत होती. जिला समाजाने गुन्हेगार ठरवलं होतं तीच.

अलीकडे, कोलंबिया विद्यापीठातल्या मेरी बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच बेडफर्ड हिल्समधल्या बाळांचा अभ्यास केला. आईशी त्यांचं नातं बाहेरच्या मुलांइतकंच भक्कम असल्याचं त्यांना आढळलं. मग मी मनात म्हटलं, बघा, हेच उत्तर. प्रत्येक तुरुंगात चांगलं बाळघर करा, खेळणी द्या, आयांना शिकवा, झालं. काही काळ मला याने फार बरं वाटलं.

पण नुसतं बाळघर असणं म्हणजे काय, तेही इतिहासात लिहिलेलं आहे. स्टालिनच्या काळातल्या सोव्हिएत छावण्यांमध्येही बाळघरं होती. ठरलेल्या वेळी आयांना कामावरून पहाऱ्यात आणायचे, पाजून झालं की पहाऱ्यातच परत न्यायचे. बाकीचा सगळा वेळ बाळं दायांच्या हाती. हावा वोलोविच नावाच्या कैदी बाईने छावणीत जन्मलेल्या आपल्या एलिओनोरा या मुलीबद्दल नंतर लिहून ठेवलं. दायांची बाळांना मारझोड, हात बांधून तोंडात गरम खिमट कोंबणं, हळूहळू खंगत जाणारी मुलगी. ती सव्वा वर्षाच्या जराशी पुढे गेली आणि संपली. बाळघर तिथेही होतं, पाळणे होते, नोंदवह्या होत्या. आई मात्र दिवसातले काही क्षणच होती.

आणि हे फार जुनंही नाही. इंग्लंडच्या ब्रॉन्झफील्ड तुरुंगात आई-बाळांसाठी वेगळा विभाग आहे, बऱ्यापैकी नावाजलेला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये त्याच तुरुंगात एका अठरा वर्षांच्या मुलीला रात्री कोठडीत एकटीला कळा सुरू झाल्या. तिने मदतीची घंटा दाबली, पुन्हा दाबली. कुणी आलं नाही. सकाळी बाळ गेलेलं होतं. पुढे अधिकृत चौकशी झाली, अहवाल आला, त्यात हे सगळं आहे. रंगीत भिंतींचं ते बाळघर त्याच आवारात होतं. मला त्या मुलीच्या बोटांचा विचार करवत नाही, आणि तो टाळताही येत नाही. संपूर्ण रात्र तिच्यापुढे एक बटण होतं.

म्हणून आता 'चांगलं बाळघर' हे शब्द ऐकले की मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटतात. तिथे असलेल्या प्रत्येक बाळासाठी ते हवंच, आजच हवं, याबद्दल मला शंका नाही. आणि त्याच वेळी भीती वाटते की ते छान दिसायला लागलं की गरोदर बाईला आत पाठवताना न्यायाधीशांचा हात अडखळणार नाही. सोय आहे ना आत!

शिवाय कितीही चांगलं बाळघर असलं तरी त्याला शेवटचा दिवस असतो. इंग्लंडमध्ये साधारण अठरा महिने. न्यूयॉर्कमध्ये एक वर्ष, सुटका जवळ असेल तर थोडं पुढे. दक्षिण आफ्रिकेत दोन वर्षं, रशियात साधारण तीन. भारतात सहा. मी या आकड्यांकडे पाहत बसते. अठराव्या महिन्यात बाळाला नुकतेच शब्द फुटत असतात. दोन वर्षांचं मूल आई नाहाणीत गेली तरी दाराशी बसून रडतं. सहा वर्षांच्या मुलाला तर सगळं कळतं, आई इथे का आहे हेही. लवकर वेगळं केलं तर त्याची आठवण पुसली जाईल, उशिरा केलं तर भिंत त्याच्यात मुरेल. यातलं कमी क्रूर काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कुठल्याच देशाला ते ठरवता आलेलं नाही म्हणून तर आकडे इतके वेगवेगळे आहेत.

२००६ च्या त्या निकालात न्यायालयाने बरंच काही बारकाईने सांगितलं. शक्यतो बाळंतपण तुरुंगाबाहेर व्हावं. जन्माच्या नोंदीत जागा म्हणून तुरुंगाचं नाव येऊ नये, फक्त त्या वस्तीचा पत्ता यावा. परिस्थिती असेल तसा नामकरणाचा विधीही करू द्यावा. पाळणाघर आणि शिशुवर्ग असावेत, आहार ठरवून द्यावा. सहा वर्षांनी मूल आईच्या इच्छेने कुणाकडे किंवा संस्थेत सोपवावं, पण शक्यतो त्याच गावात, आणि आठवड्यातून एकदा तरी आईची भेट व्हावी. जन्मदाखल्याच्या त्या कलमापाशी मी थांबले होते. कुणीतरी त्या मुलाच्या शाळाप्रवेशाचा दिवस, नोकरीचा अर्ज, लग्नाची बोलणी, हे सगळं डोळ्यांपुढे आणून ते लिहिलं असणार. चार वर्षांनी, २०१०च्या डिसेंबरमध्ये, कैदी बायकांना कसं वागवावं यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या बँकॉक नियमांत स्पष्ट शब्दांत आलं की आईसोबत तुरुंगात असलेल्या मुलांना कधीही कैदी म्हणून वागवू नये, आणि गरोदर बाईला किंवा लहान मुलांच्या आईला शक्य असेल तिथे तुरुंगाबाहेरचीच शिक्षा द्यावी.

शक्य असेल तिथे. भारताच्या सरकारी आकडेवारीनुसार २०२२च्या अखेरीस १,५३७ बायका १,७६४ मुलांसह तुरुंगात होत्या. त्यातल्या १,३१२ कच्च्या कैदी, म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. हे वाचल्यावर माझा सगळा विचारच पाळणाघरावरून जामिनाकडे वळला. यातल्या किती जणींसाठी वकील उभा राहिला नसेल, जामिनाची रक्कम भरायला कुणी नसेल, तारखेवर तारीख पडत असेल? जिचा निकालच लागला नाही तिचं मूल मात्र रोज संध्याकाळी गिनतीच्या वेळी आत असतं. इथे बाळघर किती चांगलं असावं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न तारखेच्या दिवशी कोर्टात विचारला गेला पाहिजे, आणि तो मोठ्याने विचारला गेला पाहिजे: हिला मूल आहे का, आणि ते कुठे आहे?

हा प्रश्न विचारता येतो. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये, काही गंभीर अपवाद वगळून, खटला सुरू असलेल्या गरोदर बायकांना आणि बारा वर्षांखालच्या मुलांच्या आयांना तुरुंगाऐवजी घरीच नजरकैदेत ठेवावं असा एकत्रित आदेश दिला. त्याआधी, १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा बारा वर्षांखालची मुलं असलेल्या आयांची उरलेली शिक्षा त्यांनी माफ केली होती. या माफीवर एका बापाने दाद मागितली. मीही मूल एकट्याने सांभाळतो, मग मला का नाही? तो हरला, पण त्याचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही.

आणि त्याच देशात २००७ मध्ये घटना न्यायालयासमोर एका बाईचं प्रकरण आलं. निकालात तिचं नाव नाही, नुसतं 'एम' हे अक्षर. पुन्हा पुन्हा फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरलेली, तीन मुलग्यांना एकटीने वाढवणारी. खालच्या न्यायालयाने तिला तुरुंगवास दिला होता. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने सांगितलं की शिक्षा ठरवताना मुलांचं काय होईल हे न्यायाधीशाने स्वतंत्रपणे पाहायलाच हवं, आणि आईबापाच्या गुन्ह्यात मुलांना ओढता येणार नाही. एमला मोकळं सोडलं नाही. तिने देखरेखीखाली राहायचं, समुपदेशन घ्यायचं, समाजसेवा करायची आणि ज्यांना ज्यांना फसवलं त्यांचे पैसे फेडायचे होते. ते ती घरी राहून फेडणार होती.